गोळी फोडण्यापूर्वी

आपल्या जुन्या घरांत औषध ही उगाळण्याची आणि कुटण्याची वस्तू होती. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळून बाळगुटी होई. वैद्यबुवांनी दिलेली मात्रा खलात घोटली जाई. सुंठ, ओवा, हिरडा यांचे चूर्ण वस्त्रगाळ करून बरणीत भरले जाई. औषध जितके बारीक तितका त्याचा गुण अधिक, हा संस्कार त्या घोटण्यातून आपल्या मनावर पक्का झाला आणि त्या औषधांपुरता तो योग्यही होता. पुढे खल तोच राहिला, घोटणारे हातही त्याच मायेचे राहिले, परंतु खलात पडणारी वस्तू बदलली. आज त्यात पडते ती रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयाची गोळी. तिच्यापैकी कित्येक गोळ्यांचा सारा गुण त्यांच्या बांधणीत असतो, आणि बत्त्याच्या पहिल्या घावाबरोबर ती बांधणी नाहीशी होते.

मी वैद्यकीय व्यवसायातला नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी आणि बँकेतील नोकरी एवढीच माझी शिदोरी. म्हणून जे डॉक्टरांकडून आणि औषधविक्रेत्यांकडून समजून घेतले, ते मला समजले त्या भाषेतच सांगतो.

साधी गोळी म्हणजे रोख रक्कम. पोटात गेली की विरघळते, रक्तात उतरते, काही तासांत खर्ची पडते. दुसऱ्या प्रकारची गोळी म्हणजे मासिक व्याज देणारी मुदतठेव. तिच्यात बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकत्र भरलेले असते आणि ते थोडे थोडे बाहेर पडावे अशी तिची रचना असते. कधी औषध मेणासारख्या किंवा फुगणाऱ्या पदार्थात कालवलेले असते, कधी शेकडो सूक्ष्म कणांना वेगवेगळे लेप दिलेले असतात. पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, ओडी किंवा रिटार्ड अशी अक्षरे असतात ती याच कुळाची. अशी गोळी कुटली की महिनाभर पुरवायची ठेव एका सकाळी मोडून सगळी रक्कम हातावर ठेवल्यासारखे होते. सकाळी चैन, संध्याकाळी तिजोरी रिकामी. पैशाच्या बाबतीत हे निस्तरता येते. हृदयाच्या औषधाच्या बाबतीत ते प्रत्येक वेळी निस्तरता येईलच असे नाही.

ही अतिशयोक्ती वाटू नये म्हणून एक नोंदलेले प्रकरण सांगतो. अमेरिकेतील एका औषधविषयक नियतकालिकात ते २००३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असलेल्या एका स्त्रीला नाकातील नळीवाटे रक्तदाबाची दोन औषधे दिली जात होती: लॅबेटालॉल आणि सावकाश विरघळणारे निफेडिपिन. नळीतून उतरावीत म्हणून गोळ्या कुटण्यात आल्या. तिची नाडी मंदावली आणि रक्तदाब कोसळला. त्या वेळी डॉक्टरांनी तिला सावरले. परंतु कारण लक्षात न आल्याने पुढे निफेडिपिनची गोळी पुन्हा तशीच कुटून देण्यात आली, आणि या वेळी मात्र ती वाचली नाही. हे घडले प्रशिक्षित परिचारिकांच्या हातून, सुसज्ज रुग्णालयात. आपल्या स्वयंपाकघरातील खल तर कोणाच्याच देखरेखीखाली नसतो.

माझ्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबात जे झाले ते इतके भीषण नव्हते, परंतु आपल्या घरांत काय घडू शकते हे त्यातून नेमके दिसते. आजोबा शहात्तर वर्षांचे, गोळी गिळताना ठसका लागे. सूनबाई मोठ्या निष्ठेने सकाळच्या सर्व गोळ्या एकत्र कुटून गुळाच्या पाण्यातून देत. सासऱ्यांना त्रास नको, एवढाच हेतू. त्यांपैकी रक्तदाबाची गोळी चोवीस तासांची होती. रोज दहा-अकराच्या सुमारास आजोबांना भोवळ येऊ लागली, दुकानाच्या पायरीवर एकदा तोल गेला. संध्याकाळी तपासावे तर रक्तदाब चढलेला. संध्याकाळचा आकडा पाहून डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली. तीही दुसऱ्या दिवसापासून खलात गेली! भोवळ वाढली, मेंदूची तपासणी झाली, कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. अखेर मुलाने दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घेतले. त्यांनी फाईल उघडण्याआधी विचारले, “आजोबा, गोळ्या घेता कशा?” सूनबाईंनी सांगितले, आणि सगळा उलगडा झाला. वाढवलेली गोळी बंद झाली, मूळ औषध निराळ्या स्वरूपात मिळाले, भोवळ थांबली.

या कथेत दोष द्यावा असा माणूस मला सापडत नाही. परंतु दोन महिने कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाही आणि घरच्यांनाही ते सांगण्याजोगे वाटले नाही. कुटणे म्हणजे औषधात केलेला बदल आहे हेच आपल्या गावी नसते.

लोक गोळ्या कुटू लागतात त्याचे आणखी एक चमत्कारिक कारण आहे. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्यांचे औषध पोटात झिरपून जाते, परंतु रिकामे कवच न विरघळता शौचावाटे बाहेर पडते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या काही लांब मुदतीच्या गोळ्यांबाबत हे होऊ शकते. ते दिसले की माणूस घाबरतो. गोळी जशीच्या तशी बाहेर पडली, पैसे वाया गेले, असा हिशेब करून दुसऱ्या दिवसापासून तो ती फोडून घेऊ लागतो. बाहेर पडलेले ते नुसते रिकामे पाकीट असते, आतली रक्कम केव्हाच जमा झालेली असते.

तिसरा प्रकार क्रॉस केलेल्या धनादेशासारखा. तो खिडकीवर वटत नाही, खात्यातच जमा व्हावा लागतो. पित्तावरची पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल यांसारखी औषधे जठरातील आम्लाने स्वतःच नष्ट होतात, म्हणून त्यांच्यावर आम्लात न विरघळणारा लेप असतो. गोळी जठर ओलांडून आतड्यात पोहोचते आणि तेथे उघडते. ती कुटून घेतली तर औषधाचा बराचसा भाग पोहोचण्याआधीच संपतो आणि जळजळ काही थांबत नाही. हृदयरुग्णांना रोज दिल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनच्या लहान गोळीवर असाच लेप पुष्कळदा असतो, तेथे तो जठराच्या अस्तराला जपण्यासाठी. मात्र हृदयविकाराच्या झटक्याची शंका आल्यास डॉक्टर ॲस्पिरिन चावून घ्यायला सांगतात, कारण त्या क्षणी वेग हवा असतो. डॉक्टर सांगतील तेव्हा ती चावावी, एरवी गिळावी.

जिभेखाली ठेवण्याच्या सॉर्बिट्रेटसारख्या गोळीची गोष्ट याच्या उलट. ती तोंडातील त्वचेतूनच रक्तात शिरते. घाईने पाण्याबरोबर गिळली तर परिणामाला उशीर होतो, आणि छातीत कळ आलेली असताना तो उशीर परवडत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घेण्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी तर चावू वा चघळू नयेच. तोंडाला आणि अन्ननलिकेला तिने जखमा होऊ शकतात. ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची आणि पुढे निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आपल्या घरांतील किती तरी माताजी ही गोळी घोटभर पाण्याने घेऊन पुन्हा अंथरुणावर पडतात.

आता आपल्या समाजाशी विशेष संबंध असलेला विषय, कॅप्सूल. तिचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते. हे कळल्यावर अनेक घरांत कॅप्सूल उघडून आतील पूड तेवढी घेण्याची रीत पडली आहे. त्यामागील भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु कवच टाकून देणे प्रत्येक वेळी निरुपद्रवी नसते. रक्त पातळ ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून आतील कण घेतले, तर शरीरात शोषले जाणारे औषध सुमारे ७५ टक्क्यांनी वाढू शकते, असे मूळ उत्पादकाच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. एवढ्या वाढीचा अर्थ अंतर्गत रक्तस्रावाचा वाढलेला धोका. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये रंगीत बारीक मणी दिसतात. त्या प्रत्येक मण्याला वर सांगितलेला लेप असतो. काही कॅप्सूल उघडून मणी न चावता गिळलेले चालतात, परंतु ते कोणत्या, हे डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टने सांगायचे. आणि मण्यांची पूड करणे कधीच चालत नाही.

मग शाकाहारी कुटुंबाने करावे काय? उपाय आहेत आणि ते उघडउघड मागावेत. वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेली कवचे आता उपलब्ध आहेत. कित्येक औषधे कॅप्सूलऐवजी गोळी, पातळ औषध किंवा पुडी या स्वरूपात मिळतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची मात्रा जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये येते तशी दाणेदार पुडीतही येते. खाद्यपदार्थांवर असते तसे हिरवे वा तपकिरी चिन्ह औषधांवर छापणे आपल्याकडे बंधनकारक नाही, तेव्हा पाकिटाकडे पाहून उलगडा होणार नाही. विचारावे लागेल. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवले, की आम्हाला जिलेटिन नको, तर ते औषध लिहितानाच पर्याय निवडू शकतात. घरी येऊन कॅप्सूल फोडण्यापेक्षा तेथे चार शब्द बोलणे केव्हाही सोपे.

चौविहाराचेही असेच. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही, म्हणून रात्रीची गोळी संध्याकाळी पाच वाजताच्या गोळीबरोबर उरकली जाते. दोन डोस एकत्र पडतात आणि पुढचे चौदा-पंधरा तास औषध नाही. दिवसातून एकदा घेण्याच्या लांब मुदतीच्या गोळ्या या नियमाला अत्यंत सोयीच्या आहेत. सकाळी नवकारशीनंतर घेतली की दुसऱ्या दिवसापर्यंत निश्चिंती. परंतु ती कुटली, की ती पुन्हा सहा-आठ तासांची साधी गोळी होते आणि ज्या सोयीसाठी डॉक्टरांनी ती लिहिली तीच संपते. पर्युषणात उपवासामुळे मधुमेहाची गोळी ‘आज अर्धीच घेऊ’ असे ठरवणाऱ्यांचे प्रमाणही बरेच आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर एकत्र असलेली गोळी आपल्याकडे फार चालते. ती पुष्कळदा दोन थरांची असते, एक थर लगेच विरघळणारा आणि दुसरा सावकाश. ती आडवी-उभी कशीही मोडून अर्ध्या भागात कोणते औषध किती आले याचा ताळेबंद कोणालाच मांडता येणार नाही. उपवासाच्या दिवशी औषध किती घ्यावे हा प्रश्न खरा आहे आणि गंभीर आहे. तो पर्युषणाच्या आधी आठ-दहा दिवस डॉक्टरांपुढे ठेवावा. पारण्याच्या सकाळी ठेवून उपयोग नाही.

अर्ध्या गोळीविषयी मात्र सरसकट भय बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टर स्वतःच अर्धी गोळी लिहितात आणि साध्या, मधोमध रेघ असलेल्या गोळ्या अर्ध्या करणे बहुधा निर्धोक असते. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्यांवरही रेघ असते. मेटोप्रोलॉलच्या काही लांब मुदतीच्या गोळ्या रेघेवर अर्ध्या करून घेता येतात, फक्त तो अर्धा भाग चावायचा किंवा कुटायचा नाही. रेघ नसेल तर आपण आपली रेघ ओढू नये. विळी, सुरी, अडकित्ता यांनी गोळीचे दोन समान भाग होत नाहीत, एक मोठा होतो, एक लहान होतो आणि मधला चुरा ताटलीत राहतो. औषधाच्या दुकानात गोळी कापण्याची लहानशी प्लॅस्टिकची डबी मिळते, ती वापरावी.

ज्या औषधांत लहानशा फरकाने मोठे अंतर पडते तेथे तर अर्धी करणे शक्यतो टाळावेच. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे असे औषध आहे. थायरॉईडची गोळी तशीच. तिची मात्रा मिलिग्रॅममध्ये नव्हे, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. ती १२.५, २५, ५०, ७५, ८८, १०० अशा अनेक मात्रांत तयार मिळत असताना शंभराची आणून घरी तुकडे करण्यात शहाणपण नाही.

व्यापारी मन येथे हिशेब मांडते आणि तो हिशेब मला चांगला ठाऊक आहे. ८० मिलिग्रॅमच्या पाकिटाची किंमत ४० च्या दुप्पट नसते, तेव्हा ८० ची आणून अर्धी केली की बचत होते. औषध साधे असेल, रेघ असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु रक्तदाबावरील टेल्मिसार्टन हवेतील ओलावा चटकन शोषून घेते. ते घेण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहावे असे अपेक्षित असते. महिन्याच्या तीस गोळ्या एकाच बैठकीत अर्ध्या करून आठवड्याच्या डबीत भरून ठेवणे, तेही मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, ही बचत नव्हे. गोळी अर्धी करायचीच असेल तर घेण्याच्या वेळी करावी आणि उरलेला अर्धा भाग पुढच्याच खेपेला संपवावा. खर्चाचाच प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात योग्य मात्रेची अख्खी गोळी पुष्कळदा त्याहून स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांनी फार मनावर घ्यावी. कुटणाऱ्याच्या हाताला लागलेली आणि श्वासावाटे गेलेली पूड हेही औषधच असते. प्रोस्टेटच्या त्रासासाठी वडीलधाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला गर्भवती स्त्रीने, किंवा गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने, हात लावू नये. पोटातील मुलगा असल्यास त्याच्या वाढीत दोष निर्माण होण्याचा धोका सांगितला जातो. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेटही कुटण्याचे औषध नाही, त्याची पूड इतरांना अपायकारक आहे. आपल्या घरांत आजेसासऱ्यांच्या गोळ्या कुटण्याचे काम नव्या सुनेकडे येते आणि त्याच खलात थोड्या वेळाने दुधासाठी वेलची-केशर कुटले जाते. ज्या घरी अद्याप औषधाचा खल आणि स्वयंपाकाचा खल एकच आहे, तेथे तो आजच वेगळा व्हावा.

गिळताच येत नसेल तर? प्रथम रीत बदलून पाहावी. आपण मान मागे टाकून गोळी घशात सोडतो आणि त्यानेच गिळणे अवघड होते. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी १५१ प्रौढांवर दोन रीती तपासल्या. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीसाठी: ती जिभेवर ठेवावी, दाबली की चेपणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत आणि हवा न शिरू देता पाणी शोषून एकदम गिळावे. कॅप्सूलसाठी: ती जिभेवर ठेवून घोटभर पाणी तोंडात घ्यावे, हनुवटी छातीकडे झुकवावी आणि त्याच स्थितीत गिळावे. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, मान खाली केली की ती आपोआप घशाकडे येते. पहिल्या रीतीने सुमारे ६० टक्के आणि दुसरीने सुमारे ८९ टक्के वेळा गिळणे सुधारले. मात्र पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे गिळण्यात दोष आलेल्या रुग्णावर हे प्रयोग घरी करू नयेत, पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. आणि पूर्वी नीट गिळणाऱ्या माणसाला अलीकडे गोळी अडकू लागली असेल, तर ते स्वतंत्र लक्षण समजून दाखवावे.

नाकातील नळीवर असलेला रुग्ण घरी आणताना रुग्णालयातून निघण्यापूर्वीच प्रत्येक औषधाबद्दल विचारून घ्यावे: हे कुटता येते का, याचे पातळ औषध आहे का, पाण्यात विरघळणारी गोळी आहे का? जे कुटण्याजोगे असेल ते एकेक वेगळे कुटावे, सर्व गोळ्यांची एकच पूड करू नये. एक औषध दिले की थोडे पाणी सोडून नळी धुवावी, मग दुसरे द्यावे. औषध अन्नाच्या मिश्रणात घालू नये.

औषधविक्रेत्याकडे आपण ‘दोन पाकिटे द्या’ एवढेच बोलतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट हा दुकानातील साधा विक्रेता नव्हे, त्याने याचे शिक्षण घेतलेले असते आणि त्याला विचारण्याचा आपला हक्क आहे. माझ्या ओळखीचे एक फार्मासिस्ट पाकिटावर पेनाने ‘अख्खी’ किंवा ‘अर्धी चालेल’ असे मराठीत लिहून देतात. इंग्रजीतील बारीक छापील सूचनेपेक्षा घरातील वृद्धांना तो एक शब्द अधिक कामी येतो. आपल्या विक्रेत्याकडूनही तसे लिहून घ्यावे. सध्या घरात जी औषधे चालू आहेत त्यांची यादी करून प्रत्येकापुढे हा शेरा मारून घ्यायला दहा मिनिटे पुरतात. एखाद्या औषधाने अनपेक्षित त्रास झालाच, तर भारतीय औषधसंहिता आयोगाची निःशुल्क मदतवाहिनी आहे: १८००-१८०-३०२४. रुग्णाला किंवा घरच्यांना तेथे स्वतः कळवता येते. कळवताना औषधाचे नाव, पाकिटावरील बॅच क्रमांक आणि गोळी अख्खी घेतली, अर्धी केली की कुटली, हे तिन्ही सांगावे.